सहीशिवाय बचाता

यशोधनचं म्हणणं एवढंच, की फॉर्मवर एक ओळ वाढवलीय, त्यात एवढं काय पेटायचं?

पेटायचं काय ते सांगते. आमच्या सिंगापुरातल्या मराठी मंडळाच्या वर्धापनदिनाला काही सादर करायचं असलं की एक पानी फॉर्म भरून द्यावा लागतो. नाव, वय, काय करणार, किती मिनिटं, माइक किती. शेवटी 'पालकांची सही', ती मुलांसाठी. जाई, म्हणजे माझी मुलगी, आता सतरा वर्षांची आहे. तिच्यासाठी मी हा फॉर्म दहा वेळा तरी भरला असेल. यंदा आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी भरायला घेतला, तर शेवटच्या ओळीत लिहिलेलं, 'पालक किंवा पती यांची संमती व सही'.

पती! मी दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

मी पंधरा वर्षं पाया लेबारच्या एका ऑफिसात कम्प्लायन्सचं काम करते. लोकांनी भरलेले फॉर्म तपासायचे, यावरच माझं पोट चालतं. फॉर्मवर ओळ आपोआप उगवत नाही, कुणाच्या तरी डोक्यात एक ठरावीक माणूस असतो तेव्हाच ती येते. मी मंडळाची यादी काढली. सतरा आयटम. त्यात नवरा असलेली आणि नवऱ्याशिवाय दुसऱ्या पुरुषाबरोबर नाचणारी बाई एकच. ती मी. म्हणजे ती ओळ खास माझ्यासाठी छापली होती, आणि वर 'पत्नी' हा शब्द घालायचं कुणाला सुचलंही नव्हतं.

मी बचाता करणार होते. कमिटीतल्या अर्ध्या लोकांना ते काहीतरी खायचं असतं असं वाटलं, म्हणून इथेही सांगून टाकते. डॉमिनिकन रिपब्लिक नावाचा कॅरिबियन बेटावरचा देश आहे, तिथलं हे गाणं आणि हा नाच. गिटार, बोंगो आणि गुइरा म्हणून एक पत्र्याचं नळकांडं असतं, ते काडीने खरवडतात. मात्रा चार. तीन पावलं बाजूला टाकायची, चौथ्या मात्रेला पाऊल नुसतं टेकवायचं आणि कंबर उचलायची. गाणी बहुतेक सगळी प्रेमभंगाची, कडू. मूळचं हे गुत्त्यातलं आणि गरीब वस्त्यांतलं संगीत. तिथल्या बऱ्या घरांतले लोक कितीतरी वर्षं नाक मुरडायचे, घरात लावू द्यायचे नाहीत. आता जगभर वाजतं. सिंगापुरात तर रोज कुठे ना कुठे लोक यावर नाचत असतात.

मला यात ओढलं माझ्या ऑफिसातल्या हुई लिंगने. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जाई मोठी झालेली, शेखर, म्हणजे माझा नवरा चंद्रशेखर, शनिवारी दुपारी जेवून ताणून देणारा. मी घरात कपाटं आवरत बसायचे. एकच कपाट किती वेळा आवरणार? हुई लिंग म्हणाली, चल. खाली दुकान, वर घर अशा एका जुन्या शॉपहाउसच्या वरच्या मजल्यावर क्लास होता. सगळे गोल करून उभे. समोर सत्तरीचे एक चिनी आजोबा आले, हात पुढे केला आणि म्हणाले, "ओके?" मी मागे वळून बघितलं, कुणाला विचारतायत म्हणून. मागे भिंत होती. मलाच विचारत होते.

तिथे तशी रीतच आहे. हात पुढे करायचा आणि विचारायचं. नाचायचं नसेल तर 'नेक्स्ट टाइम' म्हणायचं, समोरचा हसून पुढे जातो, तोंड वाकडं करत नाही. पंचेचाळीस वर्षांची घोडी मी, माझ्या अंगाला हात लावण्याआधी मलाच कुणी विचारतंय याची इतकी गंमत वाटली, की त्या दिवशी घरच्या स्टेशनला, बुकित बातोकला उतरायचं सोडून दोन स्टेशनं पुढे गेले.

तेव्हापासून एकही शनिवार चुकवला नाही. निहार तिथेच भेटला. एकतीस वर्षांचा, पुण्याचा, इथे आयटीत, एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर आलेला, लग्न व्हायचंय. नाचतो फक्कड. मला 'क्षिप्राताई' म्हणतो आणि माझं पाऊल चुकलं की बिनदिक्कत सांगतो. आम्ही दोघांनी मिळून साडेतीन मिनिटांचा नाच बसवला. चार महिने घाम गाळला. माझे गुडघे रात्री गरम पाण्याच्या पिशवीखाली असायचे.

तर, फॉर्म वाचला आणि मी यशोधनला फोन लावला. यशोधन मंडळाचा सेक्रेटरी. माणूस वाईट नाही, पण त्याला सगळ्यांना खूश ठेवायचं असतं आणि ते खूश ठेवायचं सगळं काम तो दुसऱ्याकडून करून घेतो.

"वहिनी, गैरसमज नको," तो म्हणाला. "रविवारी मीटिंगला या, बोलू."

मीटिंग त्याच्या बुकित तिमाहच्या कॉन्डोत, खालच्या फंक्शन रूममध्ये. मधे उपम्याचं पातेलं आणि भोवती कमिटी. मी सरावाचा व्हिडिओ पाठवला होता तो सगळ्यांनी आधीच पाहिलेला. यशोधनच्या बायकोने, मीनलने, तो मोबाइलवर लावला आणि नेमका तिथे थांबवला जिथे निहारचा हात माझ्या पाठीवर आहे आणि आमची कपाळं जवळ आलीत.

"हे बघ क्षिप्रा," मीनल म्हणाली, "आम्हाला काही वाटत नाही गं. पण पुढच्या दोन रांगांत सगळ्यांचे आईवडील बसतात."

"मग मागच्या रांगेत बसवा."

"वहिनी, चेष्टा नको," यशोधन म्हणाला. "उद्या कुणी काही बोललं, तर ऐकून कुणाला घ्यावं लागणार? शेखरला. त्याची सही असली की आमचीही बाजू सेफ. नुसती फॉर्मॅलिटी आहे."

"निहारच्या आईची सही घेतलीत?"

दोन जण हसले. यशोधन नाही हसला. "त्याचं काय, तो पुरुष आहे," असं म्हणता म्हणता त्याने जीभ चावली, पण तोवर शब्द बाहेर पडले होते.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "आपल्या कमिटीतला सौमित्र गेल्या वर्षी कपल डान्समध्ये माझ्याबरोबर नाचायला तयार होता, तेव्हा त्याच्या बायकोची, अवनीची सही घेणार होतात का? मीनलच्या ग्रुपने लावणी केली, तेव्हा आठ नवऱ्यांच्या आठ सह्या घेतल्या होत्या?"

"लावणी आपली आहे," मीनल म्हणाली.

"तुझ्या पणजीला विचारलं असतंस, लावणी आपली आहे का म्हणून. झाडूने मारलं असतं तिने."

झालं! गलका सुरू झाला. त्यात यशोधनने तोडगा काढला. तोडगा ऐका हं. म्हणाला, "आपण असं करू, निवेदनात सांगू की क्षिप्रावहिनी आणि निहार हे मानलेले बहीणभाऊ आहेत. म्हणजे बघणाऱ्यांची नजरच बदलेल."

मी हातातली उपम्याची बशी खाली ठेवली, कारण ती कुणाच्या तरी अंगावर गेली असती. "अहो, गाणं काय आहे माहितीय? बाई म्हणतेय, तू मला सोडून गेलास आणि माझ्या उशीला अजून तुझा वास येतोय. हे बहीण भावाला म्हणते का?"

मीनलने पातेल्यातला उपमा डावाने उगाचच हलवला.

"सही आणा, वहिनी," यशोधन शेवटी म्हणाला. "सही आली तर आयटम. नाहीतर माझाही नाइलाज आहे."

घरी आले तर शेखर जेवणाच्या टेबलापाशी लसूण सोलत बसला होता. माझा नवरा गुणी आहे, हे मी आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही त्याला खलनायक ठरवून मोकळे व्हाल. बावीस वर्षांत आवाज चढवलेला नाही. माझ्या क्लासला कधी नाक मुरडलं नाही. मी तणतणत सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, हात पुसले आणि पेन उघडलं.

"दे इकडे. एक सही तर आहे. विषय संपव."

"करायची नाही सही."

"अगं, माझी हरकतच नाहीये ना! मी कधी नाही म्हटलंय तुला?"

"म्हणजे म्हणू शकला असतास?"

तो गोंधळला. खरंच गोंधळला बिचारा. पेनाचं टोपण काढायचं, लावायचं, काढायचं, लावायचं. "क्षिप्रा, तू उगाच शब्दात पकडतेस. त्यांना कागद पाहिजे, आपण कागद देऊ. तुला नाचायला मिळाल्याशी मतलब."

"नाही," मी म्हटलं. माझा आवाज फाटला, तो रागाने फाटला पण डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा मला आणखी राग आला. "क्लासमध्ये अनोळखी माणूस येतो आणि मला विचारतो, नाचू का. मला! आणि माझी वीस-वीस वर्षांच्या ओळखीची माणसं तुला विचारतायत. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे शेखर. या देशात मी टॅक्स भरते, तुझ्या पर्मनंट रेसिडन्सीचे कागद मी केले, तुझ्या आईच्या ऑपरेशनच्या फॉर्मवर मी सही केली. आणि मला कंबर हलवायला तुझी सही? तू सही केलीस ना, तर मी स्टेजवर पाऊल ठेवणार नाही. लिहून ठेव."

"आणि नाही केली तर ते ठेवू देणार नाहीत."

"ते मी बघते."

आतल्या खोलीतून जाई तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, डोन्ट शाउट लाह, नेबर्स कॅन हिअर." मी म्हटलं, ऐकू देत शेजाऱ्यांना, त्यांनाही मराठी येऊ दे थोडं.

त्या रात्री मी फॉर्म भरला. शेवटच्या ओळीवर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'लागू नाही'. फोटो काढला आणि यशोधनला पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर काही येईना.

आठ दिवस गेले. मी सराव चालूच ठेवला. निहार विचारायचा, "ताई, होणार ना आपलं?" मी म्हणायचे, होणार. मला आतून वाटत होतं, कापणार. पण सरावाला गेले नसते तर मीच आधी हरले असते.

नवव्या दिवशी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत उभी असताना मेसेज आला, 'वहिनी, तुमचा आयटम फायनल. क्रमांक सात. ऑल द बेस्ट!' सोबत नाचणाऱ्या दोन बायकांचे इमोजी.

मी भर गाडीत "येस्स!" ओरडले. शेजारच्या आजीने दचकून पिशवी जवळ ओढली. जिंकले! एका रेघेने जिंकले! ऑफिसात हुई लिंगला सांगितलं, निहारला फोन केला, घरी येऊन चप्पल काढायच्या आधी शेखरला सांगितलं, "बघितलंस? सहीशिवाय! मी म्हटलं होतं ना, अडून बसलं की वाकतात." शेखर पपई कापत होता. "वा," म्हणाला आणि बिया काढत राहिला. पुढचे आठ दिवस मी भाजी परतताना नाचले, कपडे वाळत घालताना नाचले, लिफ्टमध्ये कुणी नसलं की तिथेही नाचले.

कार्यक्रम शनिवारी दुपारी होता, भाड्याने घेतलेल्या एका शाळेच्या हॉलमध्ये. ग्रीन रूममध्ये नुसती झुंबड. मुलांच्या मिशा रंगवणं चाललेलं. मी वाइन रंगाचा ड्रेस घातला होता, गुडघ्याच्या खाली येणारा, कमरेत बसणारा. जाई माझ्या केसांना पिना लावत होती आणि तोंडाने पिना धरून म्हणत होती, "नॉट बॅड, आई, नॉट बॅड." मीनल बॅकस्टेजला होती, कमरेला वॉकीटॉकी, हातात फाइल, एकेकाचे फॉर्म काढून टिक करत चाललेली.

"क्षिप्रा आणि निहार, नंबर सात. फॉर्म आहे, संमती आहे, गाणं आहे. ओके," ती म्हणाली आणि पुढे निघाली.

"काय आहे?"

"काय काय आहे?"

"संमती आहे म्हणालीस."

मीनल थांबली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिला वाटत होतं मला माहीत आहे. मी हात पुढे केला. तिने एक क्षण फाइल छातीशी धरली आणि मग कागद काढून दिला.

माझा फॉर्म नव्हताच तो. दुसराच होता, नवा, शेखरच्या अक्षरात भरलेला. नाव नीट लिहिलेलं. वय सेहेचाळीस लिहिलेलं, माझं जन्मवर्ष तो दरवेळी चुकतो. आणि खाली, 'माझी पूर्ण संमती आहे', आणि त्याची ती लांब शेपटीची सही.

मला वाटलं, कुणीतरी सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारली. सही केली म्हणून नाही एवढं. मी आठ दिवस घरभर 'सहीशिवाय, सहीशिवाय' करत नाचत होते आणि हा समोर बसून पपई खात होता!

मी त्याला फोन केला. तो तिसऱ्या रांगेतून उठून मागच्या कॉरिडॉरमध्ये आला. माझ्या हातातला कागद बघून त्याचा चेहरा पडला.

"यशोधनचा फोन आला होता," तो म्हणाला. "म्हणाला, वहिनींचा आयटम कटतोय. तू चार महिने मेहनत केलीस गं. मला नाही बघवलं. तुला स्टेजवर बघायचं होतं मला, बस, एवढंच."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू नाचली नसतीस."

"मग तो निर्णय कोणाचा होता?"

तो स्वतःच्या सहीकडे बघत राहिला. प्रेमाने केलं होतं त्याने, ते मला दिसत होतं, आणि त्यामुळेच जास्त लागलं. यशोधनशी भांडता येतं. प्रेमाने तुमच्या नावावर सही करणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं?

"जा, जाऊन बस," मी म्हटलं.

निहार विंगेत उभा होता. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, मग कॅन्सल?"

मी तोच विचार करत होते. मी शब्द दिला होता, सही केलीस तर चढणार नाही. न चढावं, तर यशोधनला आनंदच. चढावं, तर शेखरच्या परवानगीने नाचणारी बाई म्हणून चढायचं. सहावा आयटम सुरू झाला होता, कुणीतरी बासरी वाजवत होतं. माझ्याकडे सहा मिनिटं होती आणि दोन्ही बाजूंनी माझीच फजिती. मग म्हटलं, हे दोन्ही रस्ते मी काढलेलेच नाहीत, मी कशाला यांतला एक निवडू?

"कॅन्सल नाही," मी निहारला म्हटलं. "तू फक्त माझ्या शेजारी उभा राहा. मी बोलले तरी हलू नकोस."

"मला काही बोलायचंय का?"

"अजिबात नाही."

बासरी संपली. प्रणिता निवेदन करत होती, तिने कार्डावरचं वाचलं, "आणि आता येतायत क्षिप्राताई आणि त्यांचे मानलेले बंधू निहार, एका परदेशी नृत्यप्रकारासह!" ते वाक्य ठेवलंच होतं गुलामांनी. हॉलमध्ये कौतुकाच्या टाळ्या पडल्या, भाऊबीज असल्यासारख्या.

मी स्टेजवर गेले आणि प्रणिताच्या हातातून माइक घेतला. घेतला म्हणजे, हिसकावलाच. आवाज खणखणीत आला, देवाची कृपा.

"दोन दुरुस्त्या आहेत," मी म्हटलं. "पहिली. निहार माझा भाऊ नाही. आम्ही दोघं एकत्र नाचतो, आणि चांगलं नाचतो. दुसरी. या कागदावर माझ्या नवऱ्याने लिहून दिलंय की मला नाचायला त्याची संमती आहे. ती मी मागितली नव्हती. सेक्रेटरींनी मागितली. सतरा आयटम आहेत आज, दुसऱ्या कुठल्याही मोठ्या माणसाकडून असा कागद घेतलेला नाही. तेव्हा ही संमती मी सर्वांसमोर परत करते."

आणि मी तो फॉर्म फाडला. चार तुकडे केले. त्यापुढे फाटेना, कागद जाड होता, म्हणून तसेच मुठीत ठेवले.

"आता माझ्या आयटमला संमती नाही. ज्यांना थांबवायचंय त्यांनी थांबवावं. मी नाचायला उभी आहे."

माइक प्रणिताला परत दिला आणि निहारसमोर जाऊन उभी राहिले.

गाणं लागलं नाही.

साउंडच्या टेबलाशी यशोधन स्वतः बसला होता. त्याने स्पीकरवरून जाहीर केलं, "तांत्रिक अडचणीमुळे आपण पुढच्या आयटमकडे वळू या." विंगेत मुलांचा कोळीनाच तयार उभा होता. मी हलले नाही. निहारच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण गडी हलला नाही. एक मिनिट गेलं. खुर्च्यांत कुजबुज वाढली. कुणीतरी म्हणालं, "अहो, तमाशा काय चाललाय?" कुणीतरी म्हणालं, "लावा ना गाणं!" पहिल्या रांगेतल्या एक आजी शेजारणीला मोठ्यांदा विचारत होत्या, "सही कसली म्हणे?"

यशोधन उठला. मला वाटलं, माझ्याकडे येईल. नाही आला. जिन्यापर्यंत येऊन वळला आणि सरळ तिसऱ्या रांगेत शेखरसमोर जाऊन उभा राहिला. सगळ्या हॉलसमोर, मी दहा हातांवर उभी असताना, त्याने शेखरला हात जोडले.

"शेखर, तू तरी सांग बाबा तिला."

सगळ्या माना तिकडे वळल्या. माझीही. मी शेखरकडे बघितलं आणि मला भीती वाटली, खरी भीती, यशोधनची नाही, कमिटीची नाही. हा उठेल. हा चांगला माणूस आहे, याला भांडणं सहन होत नाहीत. हा उठेल आणि म्हणेल, नाचू द्या तिला, माझी काही हरकत नाही. आणि मग मी पुन्हा तिथेच.

शेखर उठला नाही. तो लाल झाला होता, कानापर्यंत. खाली बघत होता. मग त्याने मान वर केली.

"मी कोण सांगणारा?" तो म्हणाला.

मोठ्याने नाही म्हणाला. पण हॉल इतका गप्प होता की शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

यशोधन जागच्या जागी उभा. परत जावं की थांबावं, त्याला कळेना. तेवढ्यात विंगेतून मीनलचा आवाज आला, वॉकीटॉकीत, आणि साउंडच्या टेबलावरची दुसरी वॉकीटॉकी चालूच होती, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं, "यशोधन, गाणं लाव. मुलांना शू लागलीय."

हॉल फुटला हसून. यशोधन टेबलाशी गेला. गिटार सुरू झाली.

निहारने हात पुढे केला आणि मी तो घेतला. पहिल्या चार मात्रांत माझं पाऊल चुकलं, पाय लाकडासारखे झालेले. मग बोंगो आला, गुइरा खरखरायला लागली आणि मी सगळं विसरले. तीन पावलं डावीकडे, टेकवा. तीन उजवीकडे, टेकवा. चौथ्या मात्रेला कंबर अशी उचलली की सरावात कधी उचलली नव्हती. मुठीत कागदाचे तुकडे होते ते गिरकी घेताना सुटले आणि स्टेजभर पसरले, आम्ही त्यांच्यावरूनच नाचलो. मीनलने व्हिडिओ थांबवला होता ती जागा आली, निहारचा हात माझ्या पाठीवर, कपाळाला कपाळ. मी डोळे उघडे ठेवले आणि पुढच्या दोन रांगांकडे बघितलं. एका काकांनी मान फिरवली. शेजारच्या काकू मात्र पुढे सरकून बघत होत्या.

साडेतीन मिनिटं. संपल्यावर मला दम लागला होता. जाई नंतर म्हणाली की अर्ध्या हॉलने टाळ्या वाजवल्या आणि अर्धा हॉल हाताची घडी घालून बसून होता. असू दे.

घरी जाताना टॅक्सीत शेखर म्हणाला, "माझ्यावर अजून राग आहे?"

"आहे."

"किती दिवस राहील?"

"मला काय माहीत? माझा राग आहे, माझ्या वेळेने जाईल."

त्याने मान डोलावली.

गेल्या आठवड्यात पुढच्या वर्षीचा फॉर्म आला. ती शेवटची ओळ आहे तशीच आहे, यशोधनला ती काढायचं धाडस झालं नाही. मी माझं नाव लिहिलं, वय अठ्ठेचाळीस लिहिलं, नाच बचाता, मिनिटं या वेळी पाच. सहीच्या जागी मी माझी सही केली.